मायनसमधली वाट

पळसदेव, ता. इंदापूर

चि. सोनल,


सांदण दरीचे फोटो पाहिले. दोन्ही बाजूंना ताशीव कडे आणि मधे हातभर आभाळ! खाली तुझा खोचक सवालही वाचला, ‘तुमच्या इंदापुरात असं काय आहे?’ घळ नाही बाई आमच्याकडे. भीमा इथवर येईतो पसरट होते, त्यात उजनी धरणाचा फुगवटा. पण तुझी दरी बारा महिने जागेवर असते. आमची वाटच पाण्याखाली जाते आणि उन्हाळ्यात वर येते.

धरण १९८०चं. मृतसाठाच ६३ टीएमसीच्या वर. पाणी त्याखाली उतरून उजनी मायनसमध्ये गेली की चालायला रान मोकळं. पहाटेच निघायचं. आधी वेडी बाभूळ, मग गाळपेर. उघड्या पडलेल्या गाळात कुणी मका टाकलेला, कुणी कडवळ. पुढे नुसता भेगाळलेला गाळ. वरून खडखडीत, पण भेगेत बोट घाल, आत ओला. त्यापलीकडे पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावातलं पळसनाथाचं देऊळ. बऱ्या वर्षी शिखरच दिसतं. दुष्काळी वर्षी थेट गाभाऱ्यापर्यंत जाता येतं. खांबांवर शिंपले चिकटलेले असतात. बघायला जत्रा लोटते. मी हरखत नाही. देऊळ पूर्ण उघडं पडतं तेव्हा तालुक्यात टँकर फिरत असतात.

खरी गंमत जुलैत. इथं आभाळ कोरडं ठणठणीत, पेरणीपुरता पाऊस नाही, आणि पाणी मात्र चढतंय! ते घाटमाथ्यावरचं. पुण्याकडची धरणं भरली, खडकवासल्यातून मुठेत सोडलं, की दौंडमार्गे ते आमच्या दारात. मग ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, ‘दौंडला विसर्ग किती?’ काठावरच्या मोटारी, केबली वर ओढायची धांदल. मेमध्ये चाललेल्या वाटेवरून होड्या जातात.

हिवाळ्यात चालणं कमी, बघणं जास्त. भिगवणजवळ कुंभारगावला रोहित पक्षी उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. रोहितांना उथळ पाणी नि खाली गाळ लागतो, त्यामुळे धरण तुडुंब असलं की त्यांचंही येणं लांबतं.

तू मेच्या मध्याला ये. जुने बूट आण, गाळात रुतले तरी चालतील असे. निघण्याआधी फोन कर. उजनी अजून प्लसमध्ये असेल तर चालणं रद्द, भिगवणची चिलापी खाऊन परत जा.

तुझी,
आत्या