यादीत नसलेली घोडी

बारी साडेअकरा सेकंदांत बसली. माईकवर गाडामालकाचं नाव तीनदा पुकारलं गेलं, चारही बैलांची नावं गावासकट घेतली गेली, भंडारा उधळला. त्याच वेळी घाटाच्या वरच्या टोकाला माझी घोडी तीन पायांवर उभी होती आणि चौथ्यातून रक्त वाहत होतं. मी यात्रा कमिटीच्या मांडवात गेलो, तर वहीवरून बोट फिरवत एकानं मला विचारलं, "नाना, घोडीची नोंद कुठंय? आमच्याकडं बैलांची यादी आहे." घोडीचा पाय पुढे बरा झाला, पण हे बोलणं माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

आमचं गाव शिरूरच्या बेट भागातलं, कुकडीच्या काठचं. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यातला बैलगाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. चढाचा घाट, हलका छकडा, पुढेमागे जुंपलेले चार बैल, आणि सगळ्यांच्या पुढे स्वारासह घोडी. एका वेळी एकच गाडा सुटतो, ती त्याची बारी; लढत असते ती सेकंदांशी. बैल घोडीच्या मागे पळतात. घोडी कच्ची निघाली तर लाखमोलाचे बैलही घाटात भरकटतात, हे प्रत्येक गाडामालकाला माहीत असतं.

बंदीचा इतिहासही सगळ्यांना पाठ आहे. ७ मे २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, २०१७ चा राज्याचा कायदा, तो उच्च न्यायालयात अडकला ते, मग १६ डिसेंबर २०२१ ची परवानगी, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं त्यावर केलेलं शिक्कामोर्तब. त्या सात वर्षांत दावणीचे बैल कसे विकले गेले यावर पुष्कळ लिहून आलं. घाटातल्या घोड्यांचं काय झालं, हे मात्र कुठं वाचलं नाही. आमच्या भागातल्या बऱ्याच घोड्या वरातीला गेल्या. घाटात वाऱ्यासारखी सुटणारी जनावरं डीजेसमोर झूल घालून उभी राहिली. परवानगीची बातमी आली त्या दिवशी मी गावात पेढे वाटले होते.

मग मी ही घोडी आणली दौंड तालुक्यातून, वरवंडच्या पलीकडे एका शेतात मेंढ्या बसवलेल्या धनगराच्या वाड्यावरून. रंगानं कुमैत, कपाळावर चांदणी. त्या धनगरबाबांनी तिची किंमत कमी सांगितली, कारण तिच्या मानेवर एक भोवरा होता, जो गिऱ्हाइकाला खोट वाटायचा. भोवरा पाहून घोडं नाकारणारी माणसं खूर उचलून बघत नाहीत, याचं मला नवल वाटतं. मी चारही खूर उचलून पाहिले. दर वर्षी दिवाळीनंतर वाड्याबरोबर घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत चढून यायचं, पाठीवर बाज, भांडी, कोंबड्या, कोकरं आणि कधी वर एखादं लेकरू. एवढं करून खुराला चीर नव्हती.

ही भीमथडी. भीमेच्या आणि नीरेच्या काठची जात, उंचीला बेताची, खाण्याला कमी, दगडधोंड्यातून चालायला तयार. मराठ्यांच्या घोडदळानं मुलूख पालथे घातले ते अशाच दख्खनी तट्टांवर. करनालच्या राष्ट्रीय संस्थेनं अलीकडेच तिची देशातली घोड्यांची आठवी जात म्हणून नोंद केली. तोवर मारवाडी, काठियावाडी यांची नावं कागदावर होती आणि आमच्या मातीतल्या घोड्याला लोक नुसतं 'धनगराचं तट्टू' म्हणत होते. ती टिकली ती कुठल्या योजनेमुळे नाही, मेंढपाळांना तिची गरज होती म्हणून टिकली.

घोडी घाटासाठी तयार करायची म्हणजे तिला पळायला शिकवायचं नसतं, पळणं तिला येतंच. शिकवायचं असतं ते मागं न बघता पळणं. आधी तिला बैलांच्या शेजारीच दावणीला बांधली. बैलांचा वास, त्यांचं हंबरणं, शिंगं हलवणं सगळं तिच्या अंगवळणी पडू दिलं. मग बैलांच्या पुढे नुसती चालवली, मग दुडकी, मग नांगरलेल्या रानात थोडी भरधाव. हलगी आधी लांब वाजवायची, रोज थोडी जवळ आणायची. माझ्या पुतण्यानं हे सगळं केलं. तो चाबूक वापरत नाही. त्याचं म्हणणं, चाबकानं घोडी पळते, पण मग ती चाबकापासून पळते, आणि घाटात तिला कळलं पाहिजे की आपण बैलांना घेऊन चाललोय. अंतर फार वाढलं तर बैलांचा नाद तुटतो, कमी झालं तर शिंग लागतं. हे अंतर लगाम नुसता बोटांत धरून राखायचं असतं. तो ते राखायचा आणि घोडीनंही हळूहळू स्वतःच राखायला सुरुवात केली. एक कान मागे वळवून ती बैलांच्या टापांचा अंदाज घ्यायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, कुणी हसलं तरी चालेल.

त्या दिवशीच्या बारीबद्दल मला तिळमात्र वाईट वाटत नाही. निशाण पडलं आणि घोडी जशी सुटली तशी मी आजवर सुटलेली पाहिली नाही. घोटाळा झाला तो वरच्या निशाणाच्या पुढे. वरच्या टोकाला गाडा थांबायला मोकळी जागा लागते. घोडी सरळ पुढे काढून डावीकडे वळवायची आणि मागून येणारे बैल पोरांनी धरायचे, असा रिवाज. त्या दिवशी तिथं माणसांची भिंत होती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, प्रत्येकाला बारी समोरून पाहिजे. दोर लावला होता, तो कधीच खाली गेला होता. पुतण्याला पुढे माणसं दिसली आणि त्यानं लगाम खेचला. घोडी मागच्या पायांवर बसलीच. बैलांना ब्रेक नसतो. पुढच्या जोडीच्या जूची लोखंडी शिवळ तिच्या मागच्या डाव्या पायात धोंडशिरेच्या जवळ घुसली आणि ओढत गेली. पुतण्या लांब पडला, त्याचं कोपर सोललं. समोरची माणसं पांगली, एकालाही खरचटलं नाही. लगाम खेचला नसता तर काय झालं असतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळायला हवं होतं. पण त्यांनी मोबाइल घोडीकडे वळवले.

मी मांडवात गेलो ते भांडायला नव्हे. घोडी न्यायला टेम्पो आत आणू द्या आणि डॉक्टरला वर पाठवा, एवढंच मागत होतो. तिथं आधी नोंदीचा प्रश्न आला. मग दुसरा म्हणाला, "बैलाला काही झालं असतं तर कमिटीनं बघितलं असतं." तिसरा म्हणाला, गाडामालकाला विचारा. गाडामालक फेटा बांधून घेत होता. तो म्हणाला, "नाना, तुम्ही प्रेमापोटी घोडी आणली, आम्ही काय भाडं ठरवलं नव्हतं." खरंच नव्हतं ठरवलं. आमच्याकडं घोडीचं ठरवत नाहीत, शब्दावर येते. त्या शब्दाचाच अर्थ आता असा लागत होता की तिचं जे होईल ते माझं आणि बारी बसली ती त्याची. मी सकाळपासूनचे कागद आठवत होतो. टोकन होतं बैलांच्या नावानं. डॉक्टरचा दाखला मागितला तो बैलांचा. पत्रिकेत बक्षिसं छापली होती, फळीफोड, घाटाचा राजा, पहिल्या दिवसाची, दुसऱ्या दिवसाची. घोडीला काय, तर चांगली पळाली तर कुणी हौसेनं शंभर-पाचशेची नोट लगामाला अडकवणार. चार बैल, एक घोडी आणि एक स्वार मिळून घाट चढतात, आणि त्यातल्या दोघांचा कागदावर पत्ताच नाही. स्वाराचंही नाव माईकवर आलं नव्हतं. त्याचं कोपर कुणी पाहिलंसुद्धा नाही.

माणुसकी दाखवली ती यात्रेवर नेमलेल्या पशुवैद्यक डॉक्टरांनी. ते स्वतःहून वर चालत आले. म्हणाले, "माझा फॉर्म बैलांचा आहे, जखमेला फॉर्म लागत नाही." त्यांनी जखम धुतली, रक्त थांबवलं आणि लगेच धनुर्वाताची लस दिली. घोड्याला धनुर्वात गाईबैलांपेक्षा फार लवकर धरतो आणि धरला की वाचणं अवघड. ज्यांच्या दारात घोडं आहे त्यांनी हे लिहून ठेवावं. लस वेळच्या वेळी द्या, खिळा रुतायची वाट बघू नका. पुढचे उपचार शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात झाले.

घरी आल्यावर त्या रात्री मी मोठ्यानं म्हणालो, बंदी होती तेच बरं होतं. पेढे वाटलेला माणूस हे म्हणतो हे ऐकून घरची माझ्याकडं बघत राहिली. आजही ते वाक्य मी मागे घेत नाही, आणि शर्यत बंद व्हावी असंही मला वाटत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, त्याला माझा इलाज नाही.

नोंदीचं मला एवढं का लागावं, असं काहींनी विचारलं. मी त्यांना सभासदाच्या बखरीतली पागेची व्यवस्था सांगतो. पंचवीस बारगीरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्याचं पाणी आणि घोड्याचा नाल हे राज्याच्या हिशेबात होतं. शिरूरला इंग्रजांची छावणी होती तेव्हाही घोड्यांचीच वर्दळ होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावकडे जी पलटण निघाली तिच्याबरोबर पूना ऑक्झिलरी हॉर्सचे स्वार इथूनच गेले. त्यांच्या दप्तरातही जनावराची गणती होती. आज शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके पालथे घातले तरी नालबंद मिळायची मारामार. मी फोन करून लांबून बोलावतो आणि तो येईल तेव्हा खरा.

आणि अशा वेळी तरुण पोरं घोडी घ्यायला निघाली आहेत. सारंगखेड्याचा, अकलूजचा बाजार फिरतात, पांढराशुभ्र नुकरा लाखांत आणतात, सिमेंटच्या कोब्यावर बांधतात आणि रिलमध्ये दोन पायांवर नाचवतात. त्यांना हात जोडून सांगतो, आधी वर्षभर दुसऱ्याच्या घोड्याला खरारा करा. घोड्याला ओकता येत नाही, पोटात गेलं ते पुढेच सरकलं पाहिजे. तेव्हा दौंडच्या ऊसपट्ट्यात वाढं फुकट मिळतं म्हणून ढिगानं टाकू नका. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, पाणी आधी, चंदी नंतर. पोटाकडे वळून वळून बघायला लागलं, जमिनीवर लोळायला लागलं की तो पोटशूळ, तिथं घरगुती औषधाचा वेळ घालवायचा नाही. आणि विकत घ्यायचंच असेल तर एखाद्या वाड्यावर जाऊन भीमथडी बघा. ती रिलमध्ये उठून दिसणार नाही, पण तुमच्या रानात टिकेल.

घोडीला आम्ही कुकडीच्या पात्रात गुडघाभर पाण्यातून चालवत राहिलो. पायाला व्रण आहे, लंगडणं नाही. आता चैत्र जवळ आला आहे आणि दोन गाडामालक येऊन गेले. घरची म्हणते, नाही म्हणा. पुतण्या काहीच म्हणत नाही, पण संध्याकाळी हलगी पुन्हा काढली आहे. घोडी हलगी ऐकली की दावं ताणते. ती घाबरून ताणते की उत्साहानं, हे मी ठामपणे सांगू शकत नाही, आणि घोडीबद्दल पुतण्या एरवी म्हणतो ते सगळं मला पटतही नाही.

मी हो म्हणालो आहे. अटी लिहून दिल्या. टोकनावर घोडीचं आणि स्वाराचं नाव पाहिजे, तिचाही दाखला बैलांबरोबर घ्यायचा, इजा झाली तर खर्च कोण करणार ते आधी ठरवायचं. आणि वरच्या निशाणाच्या पुढे बांबूचं कुंपण असल्याशिवाय घोडी टेम्पोतून खाली उतरणार नाही. एका गाडामालकानं कागद घडी करून खिशात घातला आणि चहा घेऊन गेला. दुसरा म्हणाला, एवढ्या अटी असतील तर दुसऱ्या घोड्या पुष्कळ आहेत. त्याला मिळेलही दुसरी. तिच्या मालकाला मी हाच कागद नेऊन देणार आहे.