पोहऱ्यात काय आलं?

२५ एप्रिल २०२४, गुरुवार

मिनेसोटाकडून आजही हरलो. ३ विजय, २२ पराभव. शिकागो व्हाइट सॉक्सच्या इतिहासात मोसमाची एवढी वाईट सुरुवात कधी झाली नव्हती म्हणतात. ऑफिसात आमच्या मजल्यावर शिकागोच्या ब्रिजपोर्ट वस्तीतला एकजण आहे, तिसऱ्या पिढीचा सॉक्सवाला. जेवणाच्या सुट्टीत तो मुख्य संघाबद्दल अवाक्षर बोलला नाही. फोनवर शार्लट नाइट्सचा धावफलक उघडून बसला होता. एप्रिलमध्येच माणूस खालच्या संघाकडे वळला, म्हणजे यंदाचं सगळं आटोपलं.

घरी हिला समजावून सांगायला गेलो. बेसबॉलमध्ये प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली चार मुख्य संघ असतात. आमचे कॅनापोलिस, विन्स्टन-सेलम, बर्मिंगहॅम आणि सर्वांत वर शार्लट. पोरं एकेक पायरी चढत वर येतात. "म्हणजे तुमचे पाच संघ हरतात?" हिने विचारलं. विषय तिथेच संपला.

२४ मे, शुक्रवार

कालचा शेवट लिहून ठेवायलाच हवा, पुढे कुणाला खरा वाटणार नाही. समोर बाल्टिमोर, नववा डाव, आम्ही ६-८ असे मागे. एक बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आमची माणसं. बेनिनटेंडीने चेंडू उंच उडवला, अगदी शॉर्टस्टॉपच्या डोक्यावर. अशा वेळी नियमानं फलंदाज आपोआप बाद होतो, तो झाला. पण दुसऱ्या बेसकडे परतणारा आमचा वॉन शॉर्टस्टॉपच्या वाटेत आला म्हणून अंपायरने त्यालाही बाद दिलं. शॉर्टस्टॉपने तो झेल आरामात घेतला होता! सामना खलास. वॉनने मुद्दाम काही केलं असेल असं मला तरी वाटत नाही. तो मान वर करून चेंडूच शोधत होता.

ब्रिजपोर्टवाला आज दिवसभर एकच वाक्य बोलत होता: "हरायचे नवे प्रकार शोधून काढतात हे लोक."

१२ जून, बुधवार

मधे ओळीने १४ हरलो, मग गेल्या शुक्रवारी बोस्टनला हरवून श्वास घेतला. काल सिएटलमध्ये ड्रू थॉर्प पहिल्यांदा मोठ्या संघाकडून उतरला. मार्चमध्ये डिलन सीजला सॅन डिएगोला देऊन जी पोरं घेतली, त्यातला हा. आला तो थेट बर्मिंगहॅमहून. शार्लटची पायरी गाळून.

त्यावर रात्री भाच्याशी फोनवर वाद. तो शार्लटला एका बँकेत नोकरीला आहे आणि नाइट्सच्या सामन्यांना नेमाने जातो. "मामा, इथे पिचर पाठवतच नाहीत आता. आमच्या मैदानावर चेंडू फार उडतो. साधा झेल वाटतो आणि कुंपणाबाहेर पडतो. पोरांचे आकडे बिघडतात आणि आकड्यांपाठोपाठ डोकंही." मी म्हटलं, मग ती पायरी ठेवायची कशाला? आपल्या पिचर क्रोशेचं बघ, २०२० मध्ये निवडला आणि खालच्या लीगमध्ये एकही सामना न खेळवता त्याच वर्षी वर आणला. "आणि मग त्याचं कोपर गेलं," भाचा म्हणाला. तेही खरंच आहे. पण खापर कुणावर फोडायचं हे आमचं काही ठरलं नाही.

१५ जुलै, सोमवार

ऑल-स्टारची सुट्टी. २७ विजय, ७१ पराभव. उद्या टेक्ससमध्ये आमचा क्रोशे खेळणार. सगळ्या संघातून एक माणूस. त्याला विकणार का, यावरच सध्या सगळ्या गप्पा चालतात.

आज भाचा निवांत होता, तासभर बोलला. २०१४ ला नवं मैदान झालं तेव्हा नाइट्स साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट मिलहून शहराच्या मध्यावर आले. आउटफिल्डच्या मागे बँकांचे मनोरे उभे. संध्याकाळी ऑफिसातून सुटलेली माणसं गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा न काढता येऊन बसतात. तिथे सध्या एक गंमत चालते. अंपायरने स्ट्राइक दिला आणि फलंदाजाला पटलं नाही, तर तो हेल्मेटवर टपली मारतो. लगेच मोठ्या पडद्यावर चेंडूची वाट उमटते आणि निकाल लागतो. आपल्या डीआरएसचाच भाऊ. मोठ्या लीगमध्ये अजून आलेलं नाही, खाली प्रयोग चालू आहेत. पोरांवर प्रयोग, अंपायरवर प्रयोग, सगळं तिथेच.

मी त्याला विचारलं, की लोकांना नाइट्स हरले तर वाईट वाटतं का? तो थोडा थांबला. "वाटतं रे, पण कुणासाठी वाटून घ्यायचं? एखादा पोरगा चार आठवडे मस्त खेळतो, लोक त्याच्या नावाने ओरडायला लागतात आणि मंगळवारी येऊन बघावं तर तो शिकागोत. त्याच्या जागी तुम्ही टाकून दिलेला कुणीतरी." खेळाडूंचा पगार शिकागो देतं, त्यामुळे कोण खेळणार, पिचरने किती चेंडू टाकायचे, हे सगळं शिकागोच ठरवतं. शार्लटच्या मालकाकडे मैदान, तिकिटं आणि बिअर. शार्लटच्या पातळीवरच्या, म्हणजे ट्रिपल-एमधल्या पोराचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर, वर आला की ७,४०,०००. त्या पोराला नाइट्सने जिंकावं असं वाटेल की आपल्याला फोन यावा असं वाटेल? मी पोरगा असतो तर फोनचीच वाट बघितली असती.

कोल्सन माँटगोमरीबद्दल मात्र दोघंही हळू आवाजात बोललो. २०२१ चा पहिल्या फेरीतला शॉर्टस्टॉप, आमचं भविष्य वगैरे. यंदा शार्लटमध्ये त्याची बॅट चालेना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

३० जुलै, मंगळवार

खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा बाजार उठला. काल फेडी आणि फॅम सेंट लुइसला, कोपेक डॉजर्सकडे. आज एलॉय हिमेनेस बाल्टिमोरला. क्रोशे राहिला. पराभवांची मालिका चालूच आहे.

७ ऑगस्ट, बुधवार

२१ पराभवांनंतर काल ऑकलंडमध्ये ५-१ ने जिंकलो. अमेरिकन लीगमधला १९८८ च्या बाल्टिमोरचा विक्रम गाठून थांबलो, मोडला नाही. मी शेवटपर्यंत जागा होतो. हिने दार उघडून विचारलं, "वर्ल्ड सिरीज जिंकलात का?" २००५ साली खरोखर जिंकलो होतो तेव्हाही मी एवढा ओरडलो नव्हतो.

८ ऑगस्ट, गुरुवार

मॅनेजर ग्रिफोलला काढलं. काल पुन्हा हरल्यावर, २८-८९ वर. ग्रेडी साइझमोर तात्पुरता. ब्रिजपोर्टवाला म्हणतो, जहाज बुडाल्यावर कप्तान बदलून काय होणार? मालक राइन्सडॉर्फ १९८१ पासून तेच आहेत, असंही तो म्हणाला. हे तो दर आठवड्याला म्हणतो.

२५ सप्टेंबर, बुधवार

रविवारी सॅन डिएगोत १२० वा पराभव झाला. म्हणजे १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सची बरोबरी. आधुनिक काळातला सर्वांत वाईट संघ ठरायला एक हार कमी. काल ती आपल्याच मैदानावर पाहायची म्हणून ब्रिजपोर्टवाला आणि मी रेड लाइनने पस्तिसाव्या रस्त्यावर उतरलो.

स्टँडमध्ये विचित्र हवा होती. कुणी डोक्यावर कागदी पिशवी चढवलेली, कुणी आजोबांची जुनी टोपी घातलेली. "सेल द टीम"च्या घोषणा मधूनमधून उठत होत्या. समोर एंजल्स. आठव्या डावापर्यंत आम्ही ०-२ मागे, सगळं ठरल्याप्रमाणे. आणि मग या संघाला अवदसा आठवली: आठव्या डावात तीन धावा आणि ३-२ ने विजय! माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी वैतागून तिकीट खिशात कोंबलं. इतिहास बघायला आलेल्या माणसाला साधा विजय दाखवणं म्हणजे फसवणूकच. मी टाळ्या वाजवल्या. ब्रिजपोर्टवाल्याने हात खिशात ठेवले. मग नकळत एक शिट्टी मारली.

२८ सप्टेंबर, शनिवार

एंजल्सना तिन्ही सामन्यांत हरवलं आणि काल डेट्रॉइटला जाऊन ४-१ ने हरलो. १२१. तिकडे टायगर्स प्लेऑफमध्ये पोचल्याचा जल्लोष करत होते. निदान आमच्या हारेने कुणाचं तरी भलं झालं.

३० सप्टेंबर, सोमवार

४१-१२१ वर मोसम संपला. शेवटचे सहा सामने खेळून त्यातले पाच जिंकले, ही यांची तऱ्हा.

भाच्याचा फोन. माँटगोमरी शार्लटमध्ये .२१४ च्या सरासरीवर थांबला, १८ होमरन. मी म्हटलं, कोवळा आहे, दम धर. दोन पायऱ्या खालची बातमी बरी आहे. बर्मिंगहॅम बॅरन्सने सदर्न लीग जिंकली. डावरा पिचर शुल्ट्झ तिथे, यंदा पाचव्या क्रमांकावर निवडलेला हेगन स्मिथ त्याहून एक पायरी खाली, विन्स्टन-सेलमला. म्हणजे यंदाची आशा एक मजला आणखी खाली सरकली. हे पिचर उद्या शार्लट गाळून वर आले, तर नाइट्सचे लोक त्यांना बघणारही नाहीत. भाच्याचं दुखणं हेच.

नव्या पोरांच्या निवडीत, पुढच्या ड्राफ्टमध्ये, पहिला नंबर आपला, असं तो धरून चालला होता. त्याला नियम सांगावा लागला. मोठ्या बाजारपेठेतल्या संघाला लागोपाठ दोन वर्षं सोडतीत वरचा क्रमांक मिळत नाही. कितीही हरलो तरी दहाव्याच्या वर जाता येणार नाही.

"१२१ हरून दहावे?"

"हो."

त्यावर तो बराच हसला. मग एप्रिलमध्ये शार्लटला ये म्हणाला, तिकिटं तो काढणार आहे. मी बर्मिंगहॅमच्या विमानाचे दर बघून ठेवलेत.