लोणंदचा तळ आणि आकाशातला भोंगा

पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी जेजुरी मागे टाकते, नीरा नदी ओलांडते आणि सातारा जिल्ह्यात शिरते. लगेच लागते ते लोणंद. कांद्याच्या बाजारासाठी या गावाचे नाव सर्वतोमुखी आहे. हंगामात गोण्यांच्या थप्प्या, हमालांची लगबग, लिलावाचा गलका आणि सगळ्यावर कांद्याचा उग्र दर्प. एरवी फलटणकडे वळणारा किंवा सालप्या-आदर्कीच्या घाटाकडे निघालेला प्रवासी येथे चहापुरताच टेकतो.

पण ज्येष्ठ संपता संपता या गावाचे रूप पालटते. ज्ञानोबामाउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घातले जाते आणि पालखी लोणंदच्या तळावर मुक्कामाला येते. हजारो वारकरी, शेकडो राहुट्या आणि टाळमृदंगाचा एकच कल्लोळ! या सोहळ्याला शिस्त लावली ती याच जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी. ती शिस्त पाहायची असेल तर संध्याकाळच्या समाजआरतीला तळावर उभे राहावे.

चोपदार हातातला चोप उंच करतो. क्षणात एवढा अफाट जनसमुदाय चिडीचूप होतो. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तिचे टाळ थांबत नाहीत. त्या शांततेत ते खणखणत राहतात. मग चोपदार तिकडे जातो, काय झाले ते विचारतो, गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते आणि तेव्हाच टाळ थांबतात. वाजणारा टाळ ऐकायचाच आणि तो का वाजतो हे शोधायचेच, असा हा साधा नेम आहे.

वाचक म्हणतील, यात विमानाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जिवाचा आहे.

आज आपल्या घरोघरची मुले विमानाने ये-जा करतात. आजीआजोबासुद्धा नातवंडे पाहायला परदेशी जातात. पस्तीस हजार फुटांवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की, तिच्यात माणूस अर्ध्या ते एक मिनिटापुरताच भानावर राहतो. म्हणून बहुतेक विमानांत इंजिनातूनच दाबलेली हवा घेऊन ती आत खेळवतात आणि मागच्या बाजूच्या झडपेतून बेताबेताने बाहेर सोडतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरचेच हे थोरले भावंड म्हणा ना! तरीही आतला दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. आत आपण फार तर आठ हजार फुटांवर बसल्यासारखे असतो, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही सुमारे अडीच हजार फूट उंच. घाट चढताना कानाला दडे बसतात, तसे विमानातही बसतात ते यामुळेच.

हा दाब घटू लागला तर वैमानिकांच्या कक्षात भोंगा वाजतो. विमानातला टाळच तो. तो नीट न ऐकल्याने काय होते, हे १४ ऑगस्ट २००५ रोजी जगाने पाहिले. हेलिओस या सायप्रसच्या कंपनीचे विमान लार्नाकाहून अथेन्सकडे निघाले. दुरुस्तीच्या वेळी दाबाचे एक बटण हाताने चालवण्याच्या जागी फिरवले होते, ते तसेच राहिले. वर चढताना भोंगा वाजला. पण उड्डाणाची जुळणी चुकली असता जमिनीवर वाजणारा भोंगा आणि हा भोंगा यांचा आवाज एकच होता. वैमानिकांचा समज चुकला. थोड्याच वेळात ते बेशुद्ध झाले, विमान आपले आपण उडत राहिले आणि इंधन संपल्यावर ग्रीसमधल्या डोंगरावर कोसळले. आतले १२१ जण गेले.

आपल्याकडचा प्रसंग २० सप्टेंबर २०१८ चा. जेट एअरवेज ही तेव्हा चालू असलेली कंपनी. तिचे विमान १६६ उतारू घेऊन मुंबईहून जयपूरला निघाले. इंजिनातली हवा आत घेणारी बटणे सुरू करायचे राहून गेले. विमान चढू लागले, दाब घटला, छतातून प्राणवायूचे मुखवटे खाली लोंबले. सुमारे तीस जणांच्या नाकाकानांतून रक्त आले, कित्येकांची डोकी ठणकू लागली. सुदैवाने विमान वेळीच मागे फिरले आणि मुंबईला उतरले. सर्वांचे प्राण वाचले. वैमानिकांना मात्र कामावरून दूर करून चौकशी झाली. राहिले होते ते बटण बोटभर! यादी हातात धरून, मोठ्याने वाचून, एकेक गोष्ट तपासायची ती एवढ्यासाठीच.

भोंगा वाजताच वैमानिकाने करायचे काम ठरलेले आहे. आधी स्वतः मुखवटा चढवायचा, मग सोबत्याशी बोलणे जुळवायचे, मग यादीप्रमाणे बटणे पाहायची, आणि दाब आवरत नसेल तर विमान झपाट्याने दहा हजार फुटांपर्यंत खाली आणायचे. तेथे साध्या हवेत श्वास घेता येतो. उतारूंच्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण बारा-पंधरा मिनिटे पुरतो, तेवढ्यात हे उरकावे लागते. हवाईसुंदरीही आधी स्वतःच्या तोंडावर मुखवटा लावते, मगच दुसऱ्याकडे वळते.

हे आपल्या आयांना रुचणार नाही. लेकराच्या ताटात वाढल्याशिवाय जिने कधी घास घेतला नाही, तिने आधी आपल्या नाकाला मुखवटा लावायचा? पण बाई, तुम्हीच भान हरपलात तर लेकराचा मुखवटा कोण बांधणार? त्या अर्ध्या मिनिटापुरता स्वार्थ हाच परमार्थ समजा.

तेव्हा पुढच्या विमानप्रवासात ती मुलगी हातवारे करून सूचना देऊ लागली की वर्तमानपत्र खाली ठेवा आणि तिच्याकडे पाहा. आणि ज्येष्ठात सवड काढून एकदा लोणंदला जा. एकटा टाळ वाजू लागताच एवढा मोठा तळ कसा कान देऊन थांबतो, ते मुलांना दाखवा. ही शिकवण जमिनीवर जेवढी उपयोगी आहे, तेवढीच आकाशातही आहे.