गाडीची शाकारणी

कोल्हापुराहून सावंतवाडीकडे जाणारी वाट मला नेहमी एखाद्या लांबलचक समासासारखी वाटते. गडहिंग्लज, आजरा ही त्यातली पूर्वपदे. ती ऐसपैस, सावकाश, उसाच्या आणि भाताच्या शेतांतून चाललेली असतात. समासाचा विग्रह होतो तो आंबोलीला. तिथे सपाट मुलूख एकाएकी संपतो, समोर धुके उभे राहते आणि रस्ता कड्याला बिलगून खाली कोकणात उतरू लागतो.

आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. वर्षाकाठी तिथे सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. हा पाऊस केवळ वरून पडत नाही. तो दरीतून वर येतो, आडवा मारतो, झाडांवरून ठिबकतो आणि काही नाही तर नुसता हवेत लोंबकळत राहतो. येथली हिरण्यकेशीही मोठी विक्षिप्त नदी आहे. अरबी समुद्र एवढा जवळ असताना ती त्याच्याकडे पाठ फिरवते, पूर्वेची वाट धरते आणि घटप्रभेच्या सोबतीने कृष्णेला जाऊन मिळते. तिच्या उगमाच्या कुंडात सापडलेल्या इवल्याशा माशाला २०२० साली शास्त्रज्ञांनी तिचेच नाव दिले आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. पाण्याचेच राज्य असलेल्या गावात मानाचे स्थान माशाला मिळावे, हे योग्यच झाले!

या वाटेने मी वर्षानुवर्षे जातो-येतो आहे, कारण माझी आई वेंगुर्ल्याला राहते. नोकरी मला कोल्हापुरास घेऊन आली. आई मात्र कौलारू घर, चार माड आणि तुळशीवृंदावन सोडून यायला तयार नाही. तेव्हा येणे-जाणे माझ्याकडे. वाहन म्हणाल तर मोटारसायकल. घाटातल्या पावसाची खरी ओळख दुचाकीवरूनच होते, असे माझे मत आहे. (माझ्या पत्नीचे मत निराळे आहे, ते येथे देत नाही.)

माझी पहिली मोटारसायकल कार्ब्युरेटरची होती. टाकी वर, इंजिन खाली आणि मध्ये एक कॉक. पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरे. त्या व्यवहारात विजेचा संबंध नव्हता. पुढे १ एप्रिल २०२० पासून धुराविषयीचे नवे नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. आता टाकीच्या पोटात विजेवर चालणारा एक छोटा पंप बसलेला असतो. किल्ली फिरवली की तो दोन-तीन सेकंद ‘घूंऽऽ’ असा गुणगुणतो आणि नळीत साधारण तीन बारचा दाब उभा करतो. मग किती थेंब शिंपडायचे, ते गाडीतला गणकयंत्राचा डबा ठरवतो. गाडी कमी पेट्रोल पिते, कमी धूर ओकते. पण पेट्रोलची वाट आता विजेच्या हाती गेली. आणि विजेचे नि पाण्याचे सख्य कधीच नव्हते.

हे मला पुस्तकात नव्हे, दाणोलीच्या वरच्या वळणावर कळले. श्रावणातली गोष्ट. आईच्या छातीत दुखू लागल्यामुळे तिची हृदयाची तपासणी झाली होती. दक्षिण कोकणातल्या माणसांना मोठ्या दुखण्यासाठी बांबोळी, बेळगाव नाही तर कोल्हापूर गाठावे लागते. कोल्हापूरच्या डॉक्टरांना अहवालाची छायाचित्रे पाठवून झाली होती. पण शस्त्रक्रिया करावी की नाही हे ठरवण्यासाठी त्यांना तपासणीची मूळ तबकडीच पाहायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची वेळ मिळाली होती. तबकडी आणि कागद मेणकापडात गुंडाळून रेनकोटाच्या आत, अगदी छातीशी ठेवले आणि दुपारी वेंगुर्ल्याहून निघालो.

घाट चढू लागलो आणि गाडीला धाप लागली. सपाटीवर बरी धावे, चढ आला की गुदमरे. शेवटी एका वळणावर तिने मान टाकली. किल्ली फिरवली, नेहमीची गुणगुण नाही. कण्हल्यासारखा एक आवाज, बस्स. मागे कडा, पुढे धुके आणि त्यातून एकाएकी प्रकट होणारे ट्रकांचे दिवे. फोनला रेंज नाही. कागद कोरडे होते, परंतु ते पोचवणारी गाडी आतून भिजली होती. सुदैवाने घाटाला उतार असतो. गाडी वळवली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि ब्रेकवर हात ठेवून दाणोलीपर्यंत घरंगळत आलो. तिथून एका टेंपोवाल्याने गाडीसह मला सावंतवाडीला पोचवले.

सावंतवाडीचे मेस्त्री साठीचे होते. मी लक्षणे सांगू लागताच त्यांनी हात वर केला.

“सरानू, जरा गप ऱ्हवा. माका आयकाक दिया.”

वैद्याने नाडी पाहावी तसा त्यांनी टाकीला कान लावला आणि किल्ली फिरवली. मग मीटर काढला. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट. पंपाच्या टोकाशी नऊसुद्धा नाहीत.

“पंप बरो आसा, तेका करंट गावना नाय.”

टाकी उचलली. तिच्या पोटाखाली पंपाच्या तारा जोडणारा कपलर होता. तो उघडला तर पितळी पिनांवर हिरवा गंज चढलेला. गेल्या वेळी टाकी उघडणाऱ्या कोणा कारागिराने आतले रबरी कडे परत बसवलेच नव्हते. पंप बुडतो पेट्रोलमध्ये, आणि त्याचे त्याला सुखच असते. पेट्रोलमधून वीज वाहत नाही. उलट ते पंपाला थंड ठेवते आणि वंगणही पुरवते. त्याचा वैरी बाहेर, या जोडापाशी टपलेला असतो. गंजाने विजेची वाट अडली की पंप मंदावतो, दाब घटतो, आणि चढावर इंजिन जास्त पेट्रोल मागते नेमके तेव्हाच ते उपाशी राहते.

पण आच्छादलेल्या जागी पाणी शिरते कसे? इंजिनाच्या उष्णतेने कपलर तापतो, आतली हवा प्रसरण पावून बाहेर पडते. मग पावसाची सर आली किंवा चाक ओढ्यात गेले की तो एकदम थंड होतो आणि आत ओढल्या जाणाऱ्या हवेबरोबर बारीकशा फटीतून पाणीही शोषतो. थोडक्यात, कपलर श्वास घेतो!

मेस्त्रींनी पिना साफ केल्या, हवेने वाळवल्या, नवे रबरी कडे बसवले, त्यावर सिलिकॉनच्या ग्रीसचा पातळ हात फिरवला. मी म्हटले, “वरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळा.” ते हसले.

“पाण्याक अडवूक गेलास तर ता आत शिरतला. तेका वाट दिलास तर ता आपल्या वाटेन जातला.”

पट्टीच्या आत एकदा ओल शिरली की बाहेर पडत नाही, हा त्याचा अर्थ. पट्टीऐवजी त्यांनी तार कपलरच्या अलीकडे जराशी खाली झोळ देऊन बांधली. तारेवरून ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी येतो आणि कपलरकडे न चढता खाली गळून पडतो. ते पाहताना मला आमच्या घराच्या पागोळ्या दिसू लागल्या. कोकणातले घर पावसाशी भांडत नाही. कौलांचा उतार त्याला वळचणीपर्यंत आणतो, वळचण त्याला भिंतीपासून दूर सोडते, आणि आडव्या झडीपुरती चुडतांची झापे उभी राहतात. त्या बोटभर झोळात हीच सारी वास्तुविद्या होती.

टाकीच्या झाकणाभोवतीही अशीच एक पन्हळ असते. तिथे साचणारे पाणी एका बारीक भोकातून नळीवाटे खाली जाते. ते भोक चिखलाने बुजले की झाकणाभोवती तळे होते आणि पाणी टाकीत झिरपते. आमच्या कोल्हापूरकडच्या उसाचा येथे संबंध येतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉल थोडे पाणी पोटात सामावून घेते. पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंपाचे तोंड नेमके तळाशीच असते.

तासाभरात गाडी पुन्हा गुणगुणू लागली. उजेड असेतो घाट चढलो आणि सकाळी नऊला तबकडी डॉक्टरांच्या टेबलावर होती. भाद्रपदात शस्त्रक्रिया झाली. आई आता ओटीवर बसून मला गाडी हळू चालवण्याचे उपदेश करते, यावरून तिची प्रकृती उत्तम आहे हे वाचकांनी ओळखावे.

मेस्त्रींनी निघताना आणखी दोन गोष्टी बजावल्या होत्या. धुणाऱ्याने जोराच्या पाण्याची बंदूक टाकीखाली आणि सीटखाली रोखू नये. रबराच्या कड्यालाही तो मारा सोसत नाही. आणि गाडी बुडालीच तर किल्ली फिरवून पाहू नये; आधी बॅटरी सोडवावी, मग सगळे वाळवावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापुरात हे शहाणपण पुष्कळांनी पैसे मोजून मिळवले. तिसरी गोष्ट माझ्या पदरची: पुलावरून पाणी वाहत असेल तर कपलरचा विचारच करू नये, मागे फिरावे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीने पूलच नेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्याही. त्या माणसांपुढे पंपाची किंमत ती काय!

कोकणात मृगाच्या आधी घर शाकारतात. कौले उतरवून झाडतात, फुटकी बदलतात, पन्हळीतला पाचोळा काढतात. आमच्याकडे आता त्याच आठवड्यात गाडीही शाकारली जाते. कपलर उघडून पाहायचा, कडे तपासायचे, ग्रीसचा हात फिरवायचा, झाकणाच्या भोकात थोडे पाणी ओतून ते खाली टपकते की नाही ते बघायचे. अर्ध्या तासाचे काम. ते झाले की आई विचारते, “गाडीची कौलां परतून झाली?” आणि मग पाऊस खुशाल येऊ दे.