तळबीडचं माहेर

पुण्याहून कराडकडे जाताना तासवड्याच्या टोलनाक्यापाशी सगळ्यांनाच कोल्हापूरची ओढ लागलेली असते. आम्ही मात्र महामार्ग सोडून उजवीकडे वळलो. दोन्ही बाजूंना ऊस, आणि त्याच्या तुऱ्यांवरून डोकावणारा वसंतगडाचा सपाट माथा. त्याच्या पायथ्याशी तळबीड.

गाव मोहित्यांचं. इथे नुसती ‘मोहिते’ म्हणून हाक मारली तर अर्धी आळी ओ देईल. सरसेनापती हंबीररावांचं स्मारक गावात आहे आणि बाहेरून येणारा माणूस त्यासाठीच येतो. त्यांच्यावरचा सिनेमा आल्यापासून तर जास्तच. आम्हीही आधी तिथेच गेलो. पण मला या घराण्याच्या तलवारीइतकंच कुतूहल आहे ते त्याच्या सोयरिकींचं. शहाजीराजांच्या तुकाबाई मोहित्यांच्या. शिवाजी महाराजांच्या सोयराबाई मोहित्यांच्या. राजाराम महाराजांच्या ताराबाईही मोहित्यांच्याच. भोसल्यांच्या सलग तीन पिढ्यांत या घरच्या लेकी नांदल्या.

गडाची वाट गावामागूनच चढते. चढ तासाभराचा, पण सकाळी दहानंतर उन्हाचा. दम खाण्यासाठी थांबलो की खाली कृष्णेचं खोरं थोडं थोडं उलगडत जातं.

हंबीररावांचं मूळ नाव हंसाजी. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर पडले आणि सरनौबतीची वस्त्रं हंसाजींकडे आली. त्यानंतर तीनच महिन्यांत रायगडावर राज्याभिषेक झाला. म्हणजे बहीण सोयराबाई महाराणी आणि भाऊ सेनापती. एखाद्या घराण्याने आणखी काय मागावं?

आणि मग एप्रिल १६८० उजाडला. महाराज गेले. रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्यात आलं. थोरले संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. त्यांना कैद करायला अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत निघाले. हंबीररावांचा तळ तेव्हा कराडच्या मुलखात होता, म्हणजे मी ज्या दगडावर बसून पाणी पीत होतो तिथून नजरेच्या टप्प्यात. सख्ख्या बहिणीचा मुलगा राजा झाला होता. मामाने फक्त गप्प बसायचं होतं. पण हंबीररावांनी दोन्ही मंत्र्यांनाच ताब्यात घेतलं आणि पन्हाळ्याला संभाजीराजांपुढे नेऊन उभं केलं. फौज ज्याच्या बाजूला गेली, गादी त्याची झाली.

आपण याला स्वामिनिष्ठा म्हणतो आणि पुढे जातो. मला तो निर्णय इतका सरळ वाटत नाही. औरंगजेब दक्षिणेत उतरणार हे दिसत असताना दहा वर्षांच्या पोराच्या नावाने दौलत चालणार नाही, हा लष्करी माणसाचा रोकडा हिशेबही त्यात असणार. पण त्याची किंमत घरातच चुकती झाली. पुढच्याच वर्षी, १६८१ मध्ये, सोयराबाई गेल्या.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जास्त मराठी वाटते. मामाने भाच्याला गादी दिली नाही, पण मुलगी दिली. हंबीररावांच्या ताराबाईंचं लग्न राजारामांशी झालं. मामाची मुलगी करणं ही आपल्याकडची जुनीच रीत. राजारामांची पहिली पत्नी जानकीबाई नेसरीत पडलेल्या प्रतापरावांची लेक, तर ताराबाई हंबीररावांची. दोन सेनापतींच्या मुली एकमेकींच्या सवती झाल्या. हंबीरराव स्वतः डिसेंबर १६८७ मध्ये वाईच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पडले. लढाई मराठ्यांनी जिंकली होती.

माथ्यावर चंद्रसेनाचं देऊळ आहे. चंद्रसेन हा शूर्पणखेचा मुलगा असं इथे सांगतात. लक्ष्मणाच्या हातून मेलेल्या राक्षसपुत्राला गावकरी नवस बोलतात, हे मला भारी आवडलं. जवळच दोन तळी, एकाचं नाव कृष्णा, दुसऱ्याचं कोयना. खाली कराडला दोन्ही नद्या खरोखरच समोरासमोर येऊन भेटतात. वर तळ्यांना त्यांची नावं देऊन कुणीतरी ती भेट गडावरही चढवून ठेवली आहे.

याच माथ्यावर नोव्हेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाचं निशाण लागलं. मराठ्यांचे किल्ले जातीने घ्यायला तो निघाला, त्यात आधी पडला तो वसंतगड. खूश होऊन त्याने गडाचं नाव ठेवलं किलीद-ए-फतह, विजयाची किल्ली. पुढचं कुलूप साताऱ्याचं होतं, तेही उघडलं. मार्च १७०० मध्ये राजाराम सिंहगडावर वारले. बादशहाला वाटलं, संपलं.

ताराबाई तेव्हा पंचविशीच्या होत्या. माहेरचा गड शत्रूकडे, वडील नाहीत, नवरा नाही, मुलगा लहान. वीस वर्षांपूर्वी वडिलांना जे चालणारं वाटलं नव्हतं, तेच लेकीने चालवून दाखवलं. पोराच्या नावाने तिने सात वर्षं दौलत हाकली, फौजा नर्मदेपार पाठवल्या. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला, तेव्हा किल्ली हातात होती, पण घर काही उघडलं नव्हतं.

उतरताना ऊन कललं होतं. पूर्वेला कृष्णेची रेघ चकाकत होती. ताराबाई १७६१ मध्ये, पानिपताच्याच वर्षअखेरीला, साताऱ्यात वारल्या. त्यांची समाधी संगम माहुलीला कृष्णेकाठी आहे. तिथून निघालेलं पाणी वळसे घेत कराडकडे येतं, ते त्यांच्या माहेराच्या शिवारावरूनच.