सिंहाची आई

लडाखच्या सहलीचे पैसे भरून आलो त्या संध्याकाळी सासूबाईंनी माहितीपत्रक हातात घेतलं. चष्मा लावून त्यांनी एकेक चित्र पाहिलं. डोंगर, नदी, पुन्हा डोंगर आणि मग सोन्याचा मुलामा दिलेली बुद्धाची मूर्ती. पत्रक बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "इत्ते पैसे डालके बुताँ देखने जा रहे क्या?"

यजमान हसले, मीही हसले. पण त्यांचं बोलणं मनात राहिलं. तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. सिद्धार्थ गौतमाचा धडा किती वेळा शिकवला असेल, त्याची मोजदाद नाही. शाळेच्या सहलीबरोबर अजिंठ्यालाही दोनदा गेले होते. तरी अजिंठ्याचं वेगळं. तिथे कुणी पूजा करत नाही, दिवा लावत नाही. ती 'लेणी' आहेत, धड्यातली. जिथे रोज दिवा लागतो, मंत्र म्हटले जातात, अशा जागी मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. भीती नव्हती. सवय नव्हती, एवढंच.

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही निघालो. पुण्याहून बावीस जणांचा गट होता. सहलीच्या गटात दोन दिवसांत नाती लागतात. कुणी काका, कुणी काकू, कुणी वहिनी. माझ्या वयाच्या सगळ्या 'वहिनी' झाल्या, मी मात्र 'भाभी' झाले. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. नाव ऐकलं की जिभेवर आपोआप 'भाभी' येतं. एका काकूंनी जेवताना कौतुकही केलं, "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो भाभी!" या वाक्यावर काय बोलायचं, हे आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ठरवून ठेवलेलं असतं. मी हसते आणि पुढ्यातली वाटी पुढे सरकवते.

गटात नागपूरचं एक जोडपं होतं. ते बँकेतून निवृत्त झालेले आणि बाई परिचारिका होत्या. ते मला पहिल्यापासून 'ताई' म्हणाले. आमच्या चौघांचं जमलं. बसमध्येही आम्ही मागेपुढेच बसायचो.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. पहिला दिवस नुसतं पडून राहायचं, अशी सक्त ताकीद होती. दोन जिने चढलं तरी छाती भरून यायची. खिडकीतून समोरच्या टेकडीवरचा नऊ मजली राजवाडा दिसायचा. मातीच्या रंगाचा, टेकडीतूनच उगवल्यासारखा. तो कुणी बांधला, हे त्या दिवशी मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सिंधूच्या काठाने निघालो. सिंधू! शाळेच्या नकाशावर निळ्या खडूने काढलेली नदी समोर वाहत होती. तिच्या काठाला जिथे पाणी पोचलं तेवढीच हिरवळ, वर सगळे उघडे डोंगर. गाईड तिथलाच एक बौद्ध तरुण होता. मोडक्यातोडक्या पण गोड हिंदीत बोलायचा. त्याने आम्हा सगळ्यांना 'जुले' म्हणायला शिकवलं. नमस्कार, आभार, निरोप, सगळ्याला एकच शब्द. मला तो फार आवडला. सलाम करावा की नमस्कार, हा प्रश्नच मिटला.

पहिला थांबा शे. लेहपासून पंधरा किलोमीटरवर. ही लडाखच्या राजांची जुनी राजधानी. तिथल्या मंदिरात शाक्यमुनी बुद्धाची सुमारे बारा मीटर उंच मूर्ती आहे. देल्दान नामग्याल राजाने आपले वडील सेंगे नामग्याल यांच्या स्मरणार्थ ती घडवली. नागपूरच्या बाई त्या दिवशी मुद्दाम पांढरी साडी नेसून आल्या होत्या. मूर्तीसमोर उभं राहून दोघांनी हळू आवाजात पालीतून त्रिसरण-पंचशील म्हटलं. दिव्यात तूप घालणारा म्हातारा लामा हात थांबवून ऐकत राहिला. त्याचे मंत्र तिबेटी, यांचं पाली. धर्म एक, आणि तरी त्याला त्यातलं काही नवंच वाटलं असावं.

मी दाराशी चपला काढल्या, आत गेले आणि गोंधळले. हात कुठे ठेवावेत तेच कळेना. जोडावेत तर ते माझं नाही. बांधून उभं राहावं तर नमाजीसारखं दिसेल. मागे घ्यावेत तर उद्धटपणा होईल. शेवटी शालीची दोन टोकं घट्ट धरून उभी राहिले. यजमान खांबाआड होते. त्यांचीही तीच गत असणार. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

पुढे ठिकसे. डोंगरउतारावर पांढऱ्या खोल्यांची उतरंड आणि वर लाल गोंपा. तिथे मैत्रेय बुद्धाची पंधराएक मीटर उंच मूर्ती आहे. दलाई लामांच्या १९७० च्या भेटीची आठवण म्हणून ती उभारली. तिचा चेहरा खरोखर पाहत राहावा असा. पण बाजूच्या अंधाऱ्या खोलीत उग्र रक्षक देवतांच्या मूर्ती होत्या, तोंडावर कापडं टाकून झाकलेल्या. बाहेर आल्यावर नागपूरचे भाऊ गच्चीच्या कठड्यापाशी बसले. जरा अस्वस्थ होते.

"ताई, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात माझे वडील त्या मैदानावर होते. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. घरातले सगळे देव आमच्या आजीने विहिरीत सोडले. आणि इथे बुद्धाच्याच घरात एवढे देव!"

मी म्हटलं, "भाऊ, आमच्याकडे दर्ग्यावरून हाच वाद असतो. एक जण चादर चढवतो, दुसरा म्हणतो हा इस्लामच नाही."

ते हसले. "म्हणजे आपण दोघंही आपापल्या घरात पाहुणेच म्हणायचे!"

ठिकसेहून हेमिसला जाताना बसमध्ये गाईडने माइक घेतला आणि राजांची गोष्ट सुरू केली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लडाखच्या गादीवर जामयांग नामग्याल होता. त्याचं बाल्टिस्तानातल्या स्कर्दूच्या राजाशी युद्ध झालं. तो राजा मुसलमान, अली मीर नावाचा. जामयांग हरला, कैद झाला. बाल्टी फौजा लडाखभर फिरल्या. त्यांनी गोंपा मोडले, धर्मग्रंथ जाळले, नदीत फेकले.

बसमध्ये क्षणभर शांतता झाली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "हे सगळीकडे असंच!" आवाज मोठा नव्हता, पण ऐकू जाण्याइतका होता. दोन-तीन माना किंचित वळल्या आणि परत सरळ झाल्या. मी खिडकीबाहेर पाहू लागले. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या फौजेशी माझा काय संबंध? स्कर्दू मी नकाशावरही नीट दाखवू शकले नसते. तरी कान तापले. आणि खरं सांगायचं तर एक चोरटा विचारही आला, की गाईडने हे सांगितलं नसतं तर काय बिघडलं असतं? इतिहास शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना मी जन्मभर सांगत आले की झालेलं झाकू नका. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मला ते झाकायला हवं होतं!

गाईडला यातलं काही कळलं नव्हतं. त्याच्या लेखी ती त्याच्या गावची गोष्ट होती. तो पुढे सांगत राहिला. अली मीरने कैदी राजाला सोडलं आणि आपली मुलगी ग्याल खातून त्याला दिली. आधीच्या राणीच्या मुलांना नव्हे, तर हिच्या मुलांना गादी मिळावी, असं ठरलं. लडाखच्या बखरीत लिहिलंय की अली मीरला स्वप्न पडलं होतं. समोरच्या नदीतून एक सिंह उडी मारून बाहेर आला आणि ग्याल खातूनच्या शरीरात नाहीसा झाला. तिला मुलगा झाला, त्याचं नाव सेंगे. सेंगे म्हणजे सिंह.

"वही सेंगे नामग्याल," गाईड अभिमानाने म्हणाला, "हमारा सबसे बड़ा राजा. लेह का महल उसने बनाया. अभी जो हेमिस देखेंगे, वो उसके टाइम में बना. और ग्याल खातून को हमारे लामा लोग तारा देवी का अवतार मानते हैं. हमारी रानी."

हमारी रानी! मी खिडकीतून मान वळवली. आजोबाने मोडलं आणि नातवाने बांधलं. मध्ये एक बाई होती, तिचं नाव खातून. मागची सीट आता गप्प होती. नागपूरच्या बाईंनी पुढे वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता काढून घेतला.

या गोष्टीला गोड मुलामा देण्याची मला इच्छा नाही. ग्याल खातूनला कुणी विचारलं नसणार. ती तहाची वस्तू होती, बापाने जिंकलेल्या माणसाच्या घरी पाठवलेली. सासरच्या माणसांनी तिच्याकडे पाहिलं असेल तेव्हा त्यांना जळलेल्या पोथ्या आठवल्या असतील. त्या घरात तिने मूल वाढवलं, आणि ज्यांच्या पोथ्या जळल्या त्यांनीच पुढे तिला देवीचं रूप मानलं. एवढं अंतर ती कशी चालली असेल?

हेमिस गोंपा नदीवरून दिसत नाही. तो दरीच्या वळणात दडलेला आहे. सतराव्या शतकात सेंगे नामग्यालच्या आश्रयाने स्तागत्सांग रास्पा या लामाने तो उभा केला. मोठ्या चौकात उतरलो, पायऱ्या चढून सभामंडपात गेलो. लाकडी खांब, तुपाच्या दिव्यांचा वास, भिंतींवर काळवंडलेली चित्रं. या वेळीही मी शालीची टोकंच धरली होती. पण मनात दुसराच विचार होता. मुलाने बांधलेल्या अशा एखाद्या मंडपात ग्याल खातून आली असेल, तर तिने हात कुठे ठेवले असतील? हळूहळू माझी पकड सैल झाली. हात नुसते दोन्ही बाजूंना सोडून मी उभी राहिले. कुणी काही म्हटलं नाही.

संध्याकाळी लेहच्या बाजारात चौघेच गेलो. बाजाराच्या टोकाला, राजवाड्याच्या खाली, जामा मशीद आहे. सतराव्या शतकातली, देल्दान नामग्यालच्या काळातली. म्हणजे ज्याने शेचा बुद्ध घडवला त्याच्याच राज्यात ती बांधली गेली. तीही निव्वळ प्रेमापोटी नव्हे. औरंगजेबाशी झालेल्या तडजोडीतली ती एक गोष्ट. यजमान मगरिबसाठी आत गेले. मला कुणी अडवलं नाही. मीच सवयीने बाहेर थांबले. दिवसभर तीन गोंपांचे उंबरे ओलांडले आणि इथे मात्र पाय आपोआप थांबले! नागपूरच्या बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही नाही जात?" मी म्हटलं, "सवय नाही." सकाळी गोंपाच्या दारात मनात आलेलेच शब्द. माझे मलाच ऐकू आले.

जवळच एक म्हातारे गृहस्थ जर्दाळू विकत होते. डोक्यावर टोपी, चेहरा पुरता लडाखी. नागपूरच्या भाऊंनी विचारलं, "आप कश्मीर से हैं?" ते हसले. "सब यही पूछते हैं. हम यहीं के हैं." यारकंद, काश्मीरहून आलेले व्यापारी आणि लडाखी बायका यांच्या वंशजांना तिथे 'आरगोन' म्हणतात, ते त्यांच्यातले. त्यांनी सांगितलं की, लेहहून दर तीन वर्षांनी ल्हासाला नजराणा घेऊन 'लोपचाक' नावाचा तांडा जायचा. बौद्ध राजाचा नजराणा, दलाई लामांच्या गावाला, आणि तो नेण्याचं काम लेहच्या मुसलमान व्यापारी घराण्यांकडे! त्यांच्या आजीचा भाऊ बौद्ध होता. सणाला जाणं-येणं होतं.

"अब भी है?" मी विचारलं.

ते जर्दाळू मोजत राहिले. मग म्हणाले, १९८९ मध्ये बहिष्कार पुकारला गेला. बौद्धांनी मुसलमानांच्या दुकानात जायचं नाही, बोलायचं नाही. १९९२ पर्यंत तो चालला. "तीन साल पड़ोसी ने सलाम नहीं किया. चौथे साल वही दूध लेके आया." आणि शादी-ब्याह? "पहले होता था. अब इधर भी मना, उधर भी मना." पुडी बांधून त्यांनी हातात दिली आणि वर मूठभर जर्दाळू जास्तीचे टाकले. "जुले," ते म्हणाले. आत नमाज संपली होती.

घरी आल्यावर तेच जर्दाळू सासूबाईंना दिले. रात्री पाय चेपता चेपता त्यांना ग्याल खातूनची गोष्ट सांगितली. मोडलेले गोंपाही सांगितले, काही गाळलं नाही. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. वाटलं, झोपल्या. मग म्हणाल्या, "फिर उने नमाज पढती थी क्या वहाँ?"

"मालूम नहीं अम्मी."

"पढती हुंगी. बेटे कू बी सिखाई हुंगी कुछ."

"अम्मी, बेटा तो बौद्धच रह्या. उसने तो गोंपे बनाया."

त्यांनी डोळे उघडले. "मैं नमाज सिखाई बोली क्या? टूटेसो घर बांदना सिखाई हुंगी."

थोड्या वेळाने त्या उठून बसल्या आणि उशीखालचा चष्मा चाचपू लागल्या.

"निकाल वो फोटो. दिखा, उसका बेटा क्या बांद्या सो."