कागदाच्या मापाची निगेटिव्ह

१९४१ साली ॲन्सेल ॲडम्स यांनी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. ‘मूनराइज’ या नावाने गाजलेल्या त्या फोटोची निगेटिव्ह छापायला महाकठीण होती. १९४८मध्ये त्यांनी तिचा खालचा भाग रसायनाने आणखी घट्ट करून घेतला. तरीही आकाश काळेभोर यावे म्हणून एन्लार्जरखाली पुठ्ठे हलवत तिथे जादा प्रकाश द्यावाच लागे, आणि तो प्रत्येक प्रिंटला नव्याने. अशा हजाराहून अधिक प्रिंट निघाल्या.

डिजिटल निगेटिव्हमध्ये ही मेहनत संगणकावर एकदाच होते. प्रतिमा उलटी करून, प्रिंटच्याच आकारात पारदर्शक फिल्मवर छापायची, शाईची बाजू फोटोपेपरच्या लेपाला भिडवायची, वर जाड काच ठेवून प्रकाश द्यायचा. हीच काँटॅक्ट प्रिंट. पुढे डेव्हलपर, स्टॉप बाथ, हायपो, सगळे जुनेच.

अमेरिकेत ही वाट रुळली ती छायाचित्रकार डॅन बर्कहोल्डर यांच्या १९९५च्या पुस्तकामुळे. तेव्हा फाइल घेऊन छपाई व्यवसायातल्या इमेजसेटरकडे, म्हणजे फिल्म काढणाऱ्या यंत्राकडे, जावे लागे. पुढे एप्सनचे पिगमेंट शाईचे प्रिंटर आणि पिक्टोरिकोची फिल्म आली, रॉय हॅरिंग्टन यांच्या ‘क्वाडटोन रिप’ या सॉफ्टवेअरने प्रत्येक शाईवर ताबा दिला, आणि निगेटिव्ह घरच्या टेबलावर होऊ लागली.

पण फोटोशॉपमध्ये ‘इन्व्हर्ट’ दाबले की निगेटिव्ह झाली, असे मानणारा हमखास फसतो. सावल्या एकमेकींत मिसळतात, उजळ भाग कोरे पडतात. कागदाला पडद्यावरचे करडे रंग कळत नाहीत. त्याला कळतो फक्त पोचलेला प्रकाश. म्हणून आधी कागद मोजायचा. इंडियानातल्या स्टॉफर कंपनीची २१ पायऱ्यांची फिल्मपट्टी त्यासाठी वापरतात. तिची प्रत्येक पायरी मागचीपेक्षा ०.१५ घनतेने, म्हणजे अर्ध्या स्टॉपने, गडद असते. दोन नंबर ग्रेडचा सिल्व्हर पेपर साधारण सात पायऱ्यांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जातो. चांदीऐवजी प्लॅटिनमने प्रतिमा घडवणाऱ्या कागदाला दहा-बारा लागतात. त्यानंतर रिकाम्या फिल्ममधून पूर्ण काळा येण्याइतकी किमान वेळ ठरवायची, आपल्याच शाईने छापलेली करड्या छटांची पट्टी त्या वेळेवर काढायची, सुकल्यावर मोजायची आणि फरक भरून काढणारा कर्व्ह फाइलला लावायचा. शिंप्याने गिऱ्हाईक समोर उभे करून माप घ्यावे तसे हे काम आहे. कागद बदलला की माप पुन्हा.

शाईचा रंगही डोळ्यांना फसवतो. बर्कहोल्डर यांच्या प्लॅटिनमसाठीच्या निगेटिव्ह नारिंगी दिसत, कारण ती शाई अतिनील किरण चांगले अडवते. मल्टिग्रेड सिल्व्हर पेपरवर मात्र निळा आणि हिरवा प्रकाश वेगवेगळा कॉन्ट्रास्ट देतात. तिथे रंगीत निगेटिव्ह घोटाळा करते. काळ्या-करड्या शाया तिथे जास्त भरवशाच्या.

मला सर्वांत अवघड वाटतो तो गुळगुळीत सिल्व्हर पेपरच. प्लॅटिनमच्या कागदाचे तंतू प्रिंटरचे ठिपके पोटात घालतात. सिल्व्हर पेपर काही म्हणजे काही लपवत नाही. मोकळ्या आकाशात शाईच्या बारीक पट्ट्या उमटतात, धुळीचा कण पांढरा ठिपका होऊन बसतो. छायाचित्रकार सेबास्तियाओ सालगादो यांच्या ‘जेनेसिस’ मालिकेत दुसरा मार्ग घेतला गेला: डिजिटल फायलींवरून खऱ्या फिल्मवर ४×५ इंची निगेटिव्ह, आणि त्यांवरून एन्लार्जरने सिल्व्हर प्रिंट.

२००५मध्ये कोडॅकने कृष्णधवल फोटोपेपर बनवणे थांबवले. काँटॅक्ट प्रिंट करणाऱ्यांचा लाडका ‘ॲझो’ही त्यात गेला. ठरावीक कागद डोळ्यांपुढे ठेवून डेव्हलप केलेल्या फिल्म निगेटिव्ह त्यामुळे अडचणीत आल्या. डिजिटल निगेटिव्ह मात्र नव्या कागदासाठी नवा कर्व्ह लावून पुन्हा छापता येते.

अशी प्रिंट ‘जिलेटिन सिल्व्हर’ म्हणूनच विकली जाते आणि ते खरेही आहे, कारण काळेपणा चांदीचाच असतो. तरी निगेटिव्ह डिजिटल होती हे प्रिंटच्या मागे, कागद आणि डेव्हलपरच्या नावांशेजारी, पेन्सिलीने लिहिलेच पाहिजे. विकत घेणाऱ्याचा तो हक्क आहे, आणि उद्या ती प्रिंट जतन करणाऱ्या संग्रहालयालाही तीच नोंद लागणार आहे.